जुन्या टेम्पोचा विमा

शालू : घर इकायचं हाय म्हणून तुमास्नी सांगितलं तरी कुणी? दारावर पाटी लावलीया व्हय आमी?

प्रीती : लिलाव होता ना या घराचा? गेल्या मंगळवारी.

शालू : हुता की. झाला. एक माणूस फिरकला न्हाय. ह्या घराला गिऱ्हाईक न्हाय, पावणं. उनातनं उगंच पायपीट केलीसा. वाईच पाणी प्या आन् जावा.

प्रीती : मी गिऱ्हाईक नाही. मी प्रीती. हातकणंगल्याहून आले. प्रसेनजीत म्हणजे आमचे मिस्टर.

शालू : कोण?... आवो! आवो, भाईर या जरा!

सयाजी : काय झालं वरडायला? आई आत्ता कुठं झोपलीया... या, बाई. आत या.

शालू : आत काय या? ह्या कोण हाईत ठावं हाय का तुमास्नी?

सयाजी : मला न्हाय तर कुणाला ठावं असणार? टेम्पो माझा, चालवत हुतो मी. ह्यांचा माणूस माझ्या चाकाखाली गेला. एवढी वर्सं कोर्टात समोरच्या बाकड्यावर बघतोय त्यास्नी. बसा, बाई. खुर्चीवर बसा.

शालू : चा टाकते मग.

प्रीती : नको. चहा घेतला की मला बोलता यायचं नाही.

शालू : आता बोलायचं काय ऱ्हायलंय? तुमचा माणूस गेला, आमच्यापायी गेला, आमी कवा नाकबूल केलं न्हाय. ह्यांनी जजासमोर मान खाली घालून कबूल केलं. कळंब्याच्या जेलात बसून आले. टेम्पो भंगारात घातला. आता मार्केट यार्डात पोती उचलत्यात, पर चाकाला हात लावत न्हाईत. सायकलवर सुदिक बसत न्हाईत, चालत जात्यात. त्यात घरावर टाच आली. आता आनी काय, अंगाचं चामडं सोलून न्यायचंय?

सयाजी : शालू, त्यास्नी बोलू तर दे.

प्रीती : मी भांडायला आले नाही. मला एक मागायचं आहे आणि एक विचारायचं आहे. मागायचं आधी सांगते. पुढच्या महिन्यात पुन्हा लिलाव लागतोय. त्या वेळी तरी लोकांना बोली लावू द्या.

सयाजी : आमी कुठं आडवलंय कुणाला?

प्रीती : यांना विचारा.

सयाजी : काय गं?... शालू, मी तुला इचारतोय.

शालू : फिरले मी. झालं? गल्लीत घरोघर फिरले. पदर पसरला. कृष्णाततात्याच्या मनात कवापासनं हाय हे घर, त्येच्या दारात जाऊन सांगितलं, तात्या, तुमी बोली लावलासा तर मी ह्याच घरच्या आडात जीव देईन, मग ऱ्हावा खुशाल. पलीकडच्या वाण्याला सांगितलं. म्हणून कोण आलं न्हाय. मला काय वाटायचं, घर खपलं न्हाय तर सरकार कटाळंल आन् सोडून देईल.

सयाजी : मला म्हणालीस, देवानंच वाचीवलं.

शालू : मग काय म्हणू?

सयाजी : तुमास्नी कुणी सांगितलं, बाई, हे?

प्रीती : माझ्या मुलीनं. मनाली. ती इथंच राजारामपुरीत साडीच्या दुकानात कामाला आहे. तुमच्या गल्लीतल्या दोघी साड्या बघायला आल्या होत्या. काउंटरवर बसून हेच बोलत होत्या, की शालूबाईनं कसं सगळ्यांना गप्प केलं, बरं केलं, त्या हातकणंगलेवालीला बसू दे हात चोळत. मनाली समोरच उभी होती. काही बोलली नाही. त्यांच्या साड्यांच्या घड्या घालत राहिली.

शालू : ती गोरी, लांब केसांची? हसत न्हाय ती?

प्रीती : आधी हसायची.

शालू : मी गेलते की त्या दुकानात. भाचीच्या पोरीच्या बारशाचं लुगडं बदलायला. तिनंच बदलून दिलं. मला काय म्हाईत...

प्रीती : शाळेत हुशार होती. दहावीनंतर मी तिला काढली. भावाच्या घरी राहतो आम्ही, त्याला तरी किती दिवस सांगायचं, निकाल लागेल, पैसे येतील. निकाल लागला. कोर्टानं कागदावर सगळं दिलं मला. पण कागद दाखवून किराणा मिळत नाही. वकील म्हणाले, मालकाचं घर विकेल तेव्हा तुमचे पैसे. म्हणून म्हणते, विकू द्या.

सयाजी : आनी इचारायचं काय हुतं?

प्रीती : विमा का नव्हता टेम्पोला? एवढंच विचारायचं होतं. इतकी वर्षं झाली. कोर्टात सगळे एकच वाक्य म्हणायचे, वाहनाचा विमा नव्हता. पुढच्या मुद्द्याला जायचे. का नव्हता, ते कुणी विचारलंच नाही.

सयाजी : ऱ्हायला माझ्याकडनं. मुदत संपल्याली. ध्यानात आलं न्हाय.

प्रीती : विसरलात?

सयाजी : व्हय. इसरलो.

प्रीती : ज्याचं पोट टेम्पोवर, तो माणूस विमा विसरत नसतो. मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं.

सयाजी : तसंच समजा, बाई. इसरलो.

शालू : इसरलं न्हाईत ते. मी काढू दिला न्हाय.

सयाजी : शालू, गप बस.

शालू : न्हाय बसत! कवापातूर गप बसू? तुमी कोर्टात पन गप बसलासा, जेलातनं आलासा तवा पन गप. ऐका, बाई. आमचा विमा एजंट हुता बाळासो, ह्यांच्या मावशीचा ल्योक. दसऱ्याच्या तोंडाला आला. म्हणला, वैनी, टेम्पोचा संपतोय, घराचा पन संपतोय, दोनी भरून टाका. त्या साली धंदा बसल्याला. मागवाल्यांचा संप चाललेला, न्यायला सूत नव्हतं, टेम्पो निम्मा म्हैना दारात. दोनी भरायची ऐपत नव्हती. एक कुठला तरी भरायचा. बाळासो म्हणला, मग टेम्पोचा तरी भरा, साधा थर्ड पार्टी, घराचा ऱ्हाऊ द्या. मी म्हटलं, येडा हाईस का? त्या टेम्पोत काय ऱ्हायलंय? पत्रा सडलाय, टायर गुळगुळीत. उद्या आदळला तर भंगारवाला सुदिक नाक मुरडंल. त्येचा विमा कशापायी? आन् घर? जलमाची कमाई घातलीया घरात. जे ऱ्हावं वाटतंय त्येला संबाळायचं का जे जाणारच हाय त्येला?

प्रीती : एजंट काही बोलला नाही?

शालू : बोलला. म्हणला, वैनी, थर्ड पार्टी टेम्पोसाठी नसतोय. मी म्हटलं, मग कुणासाठी असतोय? म्हणला, समोरच्यासाठी. मला हसू आलं. म्हटलं, आमचं आमास्नी पुरंना, समोरच्याचं आमी कशाला भरू? चा पिऊन गेला त्यो. घराचा भरला मी.

प्रीती : हसू आलं तुम्हाला.

शालू : आलं. खोटं कशाला सांगू?

सयाजी : तिचं एकटीचं न्हवतं त्ये. मी बी हुतो तिथं बसलेला. मला बी पटलं.

शालू : तुमी म्हणत हुतासा, कायद्यानं लागतोय. दोनदा म्हणलासा. मीच आडवी झाले. माझं माहेर कबनूरचं, बाई. बापाचं चार माग हुतं आन् मागल्या अंगाला आमच्या ऱ्हायच्या खोल्या. शेडात कापसाचा भुगा साठलेला, वायर जळाली आन् भसाभसा पेटलं. मी बारकी हुते. अंगावरच्या कापडानिशी भाईर पळालो. माग गेलं, घर गेलं, काशाचं एक पातेलं ऱ्हायलं. विमा नव्हता. त्योच मागाचा मालक, माझा बाप, दुसऱ्या दिवशी लोकांच्या मागावर कामाला उभा ऱ्हायला, मरस्तवर उभाच. मी तवाच ठरीवलं, माझ्या घराचा विमा चुकायचा न्हाय. उपाशी ऱ्हाईन पर भरीन.

प्रीती : म्हणजे विचार करून केलंत.

शालू : लई इचार करून.

प्रीती : मला वाटायचं, दारूत गेले असतील पैसे. नाहीतर जुगारात. तसं असतं तर बरं झालं असतं. शिव्या तरी देता आल्या असत्या मला.

शालू : द्या की. मला द्या. कुणीतरी द्या.

प्रीती : आमच्या शेजारी एक बाई राहते. तिचा नवरा त्याच वर्षी ट्रकखाली गेला. पहिलं वर्ष आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायचो. एकाच वकिलाकडे जायचो, एकाच एसटीनं. त्या ट्रकला विमा होता. कंपनीनं भांडत भांडत का होईना, दिलं तिला. तिचा मुलगा आता सांगलीला डिप्लोमा करतोय. ती वाईट नाही. अजूनही डबा पाठवते मला. पण मला तिच्या दारात उभं राहवत नाही. दोघींचं एकच होतं हो सगळं. फक्त तिच्या नवऱ्याला कुठल्या गाडीनं उडवलं आणि माझ्या नवऱ्याला कुठल्या, एवढाच फरक. तुम्ही टेम्पोचं काय जाईल एवढंच बघितलंत. टेम्पोच्या समोर कोण येईल, ते नाही बघितलंत.

शालू : न्हाय बघितलं. आन् बघा ना, ज्या घरासाठी केलं त्ये घरच चाललं. आग लागली न्हाय, वादळ आलं न्हाय, भिंतीला तडा गेला न्हाय. टेम्पो गेला आन् घर घेऊन गेला. अजून घराच्या विम्याचा हप्ता भरतोय आमी, ठावं हाय? औंदा पन भरला. कुणाच्या घराचा भरला कुणास ठाऊक.

सयाजी : आता कशाला त्ये.

शालू : सांगू द्या. टाच आली त्या दिवशी ह्ये यार्डात गेलते. आत्याबाई, ह्यांची आई, आत पडलेल्या, अंगावरनं वारं गेलंय, त्यास्नी हलता येत न्हाय. मी सैपाकघरात बसून इचार केला. लिलावात गेलं तर घर दुसऱ्याचं. पर जळालं तर कंपनी देती. तुमचं बी भागंल, आमचं बी ऱ्हाईल कायतरी. रॉकेलचा डबा काढून ठेवला. म्हटलं, आत्याबाईंना आदी शेजारी न्हेऊन ठेवावं. त्यास्नी उचलाय गेले तर त्या मला म्हणत्यात, शाले, आज काय सण हाय का गं, भाईर न्हेतीस?

सयाजी : सांजच्याला मी आलो तर डबा चुलीच्या कडंला, टोपण काढल्याला. मी त्यातलं रॉकेल कृष्णाततात्याकडं वतून आलो, मोकळा डबा परत ठेवला. त्या दिसापासनं रॉकेल मी वाटीवाटीनं आणतोय.

शालू : तुमास्नी ठावं हुतं?

सयाजी : मग रॉकेल कुठं गेलं वाटलं तुला?

शालू : मला वाटलं, उंदरानं सांडलं आसंल... एवढं ठावं हुतं आन् एक सबूद बोलला न्हाईसा? कवाच बोलला न्हाईसा. एकदा म्हणा की, तुझ्यापायी झालं. भांडी फेका, मारा. जेलातनं आलासा त्या दिवशी मी दारात वाट बघत हुते, आता शिव्या घालतील म्हणून. तुमी म्हणलासा, भूक लागलीया.

सयाजी : लागल्याली.

शालू : असं करू नगा हो.

सयाजी : काय बोलू मी, शालू? विमा काढला असता तरी माणूस गेलाच असता. ब्रेकवर पाय माझा हुता, तुझा न्हवता.

(आतून म्हातारीचं कण्हणं आलं आणि थांबलं. शालूबाईंना वाटलं, आता ही बाई उठेल, शाप देईल आणि जाईल. पण ती उठली नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून भिंतीकडे बघत राहिली.)

प्रीती : सासूबाई कधीपासून अंथरुणावर?

सयाजी : लई दिस झालं.

प्रीती : घर गेल्यावर त्यांना कुठं नेणार?

शालू : तुमीच सांगा की. भाड्याची खोली कोण देतंय अशा माणसाला? शी-मूत सगळं जाग्यावर. आन् भाडं कशातनं भरायचं?

प्रीती : मला नाही माहीत. मी घरातून निघताना ठरवलं होतं, काहीही दिसलं तरी विरघळायचं नाही. आता हे बघितलं. वाईट वाटतंय मला. पण राहू दे घर तुम्हाला, असं मी म्हणू शकत नाही. मला दया परवडत नाही, बाई.

सयाजी : तुमी म्हणू नगासा. तुमचंच हाय त्ये. मी जातो कृष्णाततात्याकडं.

शालू : आवो!

सयाजी : आजच जातो. सांगतो, तात्या, बोली लावा, माझी बायको काय आडात उडी मारायची न्हाय. वाण्याला बी सांगतो. दोघंजण बोलीला आलं तर जरा वर चढंल. तेवढीच ह्यांच्या पोरीला...

शालू : आन् आपुन?

सयाजी : यार्डात पत्र्याचं शेड हाय, मालकाला इचारतो. उनाळ्यात तापतंय, पर आईला काय, ती हितं बी छताकडंच बघती.

शालू : तुमी ठरवूनच टाकलासा की.

सयाजी : मागल्या खेपंला तू ठरीवलंस. आता मला ठरवू दे.

शालू : ...बोललासा. एकदाचं बोललासा.

सयाजी : तसं नव्हतं म्हणायचं मला.

शालू : तसंच म्हणा. बरं वाटलं.

प्रीती : मी निघते. सव्वापाचची एसटी गाठायची आहे, मनाली आज दुकानातून लवकर सुटून स्टँडवर एकटीच वाट बघतेय.

सयाजी : बाई, जरा.

प्रीती : काय?

सयाजी : तुमी एकच इचारायचं म्हणलासा. मला वाटलं हुतं, दुसरं इचारशीला.

प्रीती : कुठलं?

सयाजी : त्यो शेवटाला काय बोलला त्ये.

प्रीती : ...बोलले होते? पोलीस म्हणाले, जागच्या जागी गेले.

सयाजी : न्हाय. हुता वाईच वेळ. तिनसांजा झालेल्या, समोरनं ट्रकचा उजेड डोळ्यावर आला, आन् कडंला त्यो. दिसलाच न्हाय मला. खाली उतरून बघितलं तर पडलेला. मी डोकं मांडीवर घेतलं. म्हटलं, पावणं, डोळं उघडं ठेवा, गाडी येतीया. माझ्याकडं बघितलं त्येनं. म्हणला, सायकल मधी पडलीया. बाजूला घ्या.

प्रीती : सायकल?

सयाजी : मी म्हटलं, घेतो, तुमी बोलू नगा. तर परत म्हणला, आदी घ्या, अंधार पडलाय, कुणीतरी येऊन आदळंल. लईच घोर लागलेला त्येला. म्हणून मी त्येचं डोकं खाली ठेवलं, गेलो, सायकल उचलून कडंला लावली. परत आलो तवा गेल्याला. वकील म्हणला, इचारतील तेवढंच बोला. हे कुणी इचारलं न्हाय. लई येळा वाटायचं तुमास्नी सांगावं. पर मी कुठल्या तोंडानं सांगणार?

प्रीती : सायकल स्टँडवर लावलेली होती. पोलिसांनी आणून दिली तेव्हा म्हणाले, रस्त्याच्या कडेला नीट स्टँडवर उभी होती. मला कधी कळलंच नाही. इतकी वर्षं मी विचार करायचे, माणूस असा गेला आणि सायकल स्टँडवर कशी. वाटायचं, ते उतरून उभे असतील, मग यांनी मुद्दाम... काय काय वाटायचं.

सयाजी : मी लावली. त्येनं सांगितलं म्हणून.

प्रीती : सिनेमा सुटल्यावर बाहेर एकाची गाडी पडली तरी हे उचलून ठेवायचे. मी चिडायचे. म्हणायचे, तुम्हाला काय करायचंय दुसऱ्याचं.

शालू : बाई... पोरीला सांगा, मी दुकानात आलते तवा मला ठावं नव्हतं ती कोण.

प्रीती : सांगते. येते मी.

शालू : गल्लीच्या तोंडाला रिक्षा मिळंल. न्हाय तर ह्ये येत्यात सोडाय... न्हाय, ऱ्हाऊ द्या. तुमास्नी बरं वाटायचं न्हाय ह्यांच्यासंगं चालायला.

प्रीती : येऊ देत. कोपऱ्यापर्यंत.

सयाजी : चला. तसाच तात्याकडं जाऊन येतो मी, शालू.

शालू : जावा. आन् ऐका.

सयाजी : काय?

शालू : मागचं दार पावसाळ्यात फुगतंय, लागत न्हाय नीट. तात्याला आदी सांगा.